बसतो म्हणजे चालतो

सर्दी झाली की वाफ घ्यायची, याबद्दल आमच्या घरात एकमत आहे. वाफ कशातून घ्यायची यावरून मात्र तीन पक्ष पडलेत.

पहिला सासूबाईंचा. पातेल्यात पाणी उकळायचं, त्यात ओवा नाहीतर विक्स टाकायचं, डोक्यावरून टॉवेल घ्यायचा आणि टॉवेलच्या आतून घरावर देखरेख चालू ठेवायची. ‘कुकरच्या किती शिट्ट्या झाल्या गं?’ हा प्रश्न मी टॉवेलमधून कितीदातरी ऐकलाय. या पद्धतीला वीज लागत नाही, पिन लागत नाही, वॉरंटी कार्ड लागत नाही. पातेलं बिघडल्याचं अजून कोणी ऐकलेलं नाही.

दुसरा पक्ष नवऱ्याचा. कोरोनाच्या दिवसांत औषधांच्या दुकानांमध्ये मास्क आणि सॅनिटायझरच्या शेजारी प्लॅस्टिकची वाफेची यंत्रं रचून ठेवलेली असायची, त्यातलं एक आमच्याकडे आलं. हे थेट भिंतीतल्या २३० व्होल्टवर चालतं. त्याच्या पोटात डोकावलं तर माणूस चक्रावतो, कारण पोटात काहीच नसतं. या स्वस्त यंत्रांपैकी बऱ्याच यंत्रांत तापणारी कॉइल नसतेच. धातूच्या दोन पट्ट्या पाण्यात उभ्या. एकीला फेज, दुसरीला न्यूट्रल. वीज पाण्यातूनच जाते आणि जाता जाता पाणी तापवते. पाणी पट्ट्यांच्या खाली उतरलं की रस्ता तुटला, यंत्र बंद. चालू असताना पाण्यात बोट घालू नये, असं सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. ते लिहावं लागलं, यातच सगळं आलं.

आमच्याकडे ते आधी चाललंच नाही, कारण नवऱ्यानं त्यात आरओचं पाणी घातलं. आजारी माणसाला शुद्ध पाण्याची वाफ नको का? आता आरओच्या पाण्यातले क्षार इतके निघून गेलेले असतात की त्यातून जायला वीज फारशी राजी नसते. त्यावरचा उपायही त्याच कागदावर होता: चिमूटभर मीठ घाला. चिमूट सासूबाईंनी घेतली. त्यांची चिमूट चौघांच्या पिठल्याची असते. यंत्रानं उकळत्या पाण्याचे शिंतोडे टेबलक्लॉथवर उडवले, आणि एमसीबी पडला. तेव्हापासून त्या पक्षाची सदस्यसंख्या एकवर स्थिर आहे.

तिसरा पक्ष मुलीचा. तिनं ऑनलाइन मागवलेलं यंत्र म्हणजे लाकडाचा रंग दिलेलं प्लॅस्टिक. आत एक छोटी चकती असते, ती सेकंदाला सतरा-अठरा लाख वेळा थरथरते, काही यंत्रांत तर चोवीस लाख वेळा, आणि पाण्याचे इतके बारीक थेंब उडवते की त्यांचं धुकं होतं. उकळणं नाही, तापणं नाही. शिवाय खाली सात रंगांचे दिवे, एकामागून एक बदलणारे. सासूबाईंनी त्या धुक्यात हात धरून बघितला आणि म्हणाल्या, ‘गारच घ्यायची तर मी फ्रीज उघडते की.’ सर्दीवर याचा उपयोग किती, या प्रश्नाला मुलगी उत्तर देत नाही. खोलीतली हवा जरा ओलसर होते आणि निलगिरीचा वास येतो, एवढं मात्र खरं.

या तिसऱ्या यंत्राला अडॅप्टर लागतो. २४ व्होल्टचा, अर्ध्या अँपिअरचा. आजचा विषय तो आहे. वाफ नुसती निमित्ताला.

तर एका थंडीत ते यंत्र आढेवेढे घ्यायला लागलं. सकाळी लावलं की चालत नसे. मग नवरा यायचा, अडॅप्टरमधून वायर जिथं बाहेर पडते ती मान धरायचा, डावीकडे वाकवायचा, थोडी वर उचलायचा, खाली वर्तमानपत्राची घडी सरकवायचा, आणि काही मिनिटांत यंत्र सुरू व्हायचं. हा कोन त्याला एकट्यालाच जमायचा. मुलीनं धरला तर चालत नसे. मी धरला तर ‘तुझा हात जड आहे’ असं ऐकून घ्यावं लागे. घराघरांत असा एक माणूस असतो, ज्याला मिक्सरचं झाकण, गॅसचं बटण किंवा चार्जरची वायर नेमकी कशी धरायची ते ठाऊक असतं, आणि तो गावाला गेला की घर ठप्प होतं. आमच्याकडचा तो माणूस समोर आरामखुर्चीत बसून कोनाबद्दल बोलत असतानाच एके दिवशी अडॅप्टर कायमचा गप्प झाला.

घरातल्या इंजिनिअरांची बैठक बसली. आमच्याकडे इंजिनिअरांना तोटा नाही. सासरे मेकॅनिकल, नवरा केमिकल, नणंदेचे यजमान सिव्हिल, मुलगी कॉम्प्युटर. इलेक्ट्रिकलचा तेवढा कोणी नाही, त्यामुळे विजेच्या वस्तूवर सगळ्यांना मोकळेपणानं बोलता येतं.

‘अडॅप्टर गेलाय,’ मुलगी म्हणाली.

‘मग त्यात काय?’ बाबा म्हणाले. बाबा म्हणजे माझे सासरे. ‘घरात अडॅप्टर थोडे आहेत का?’

थोडे नव्हते. टीव्हीखालच्या कपाटातला सगळ्यात खालचा खण त्यांचाच आहे. त्यात हात घातला की एक वायर हाताला लागते आणि ती ओढली की सगळा खण वर येतो. कॉर्डलेस फोनचा अडॅप्टर. तो फोन लँडलाइनबरोबर गेला. जुन्या मॉडेमचा, मॉडेम कंपनीचा माणूस घेऊन गेला, अडॅप्टर न्यायला विसरला. डीव्हीडी प्लेअरचा, दाढीच्या यंत्राचा, मुलगी तिसरीत असताना घेतलेल्या कीबोर्डचा, आणि एका डिजिटल फोटोफ्रेमचा, जी कोणीतरी वास्तुशांतीला दिली होती आणि जिच्यात आजतागायत एकही फोटो गेला नाही. वस्तू जातात, अडॅप्टर राहतात. टाकायची कोणाची छाती होत नाही. ‘असू दे, लागेल.’ अडॅप्टरच्या पाठीवर चाकांच्या कचरापेटीवर फुली मारलेलं एक चित्र असतं. घरच्या ओल्या-सुक्या कचऱ्यात हे टाकू नका, ई-कचरा गोळा करणाऱ्यांकडे द्या, असा त्याचा अर्थ. ई-कचऱ्याचे नवे नियमही आपल्याकडे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. आम्ही या सूचनेचा पहिला अर्धा भाग निष्ठेनं पाळतो.

खणाच्या तळाशी बाबांचा एलिमिनेटर आहे. बॅटरी एलिमिनेटर म्हणजे टेपरेकॉर्डरचे सेल वाचवणारा काळा ठोकळा. ऐंशी-नव्वदच्या दशकात तो घरोघरी असायचा. त्यावर सरकवायचं बटण: ३, ४.५, ६, ७.५, ९, १२. वायरच्या टोकाला वेगवेगळ्या मापांच्या पिनांचा झुबका, हवी ती लावा. आत तांब्याची तार गुंडाळलेला खराखुरा लोखंडी ट्रान्सफॉर्मर; म्हणून तो जड, म्हणून तो कोमट आणि म्हणून तो गुणगुणतो. पुढे काही जोडलेलं नसलं की १२ वरचा एलिमिनेटर मीटरवर सोळा-सतराही दाखवतो, वस्तू जोडली की खाली येतो. ‘वजन बघ याचं,’ असं म्हणून बाबा तो प्रत्येक पाहुण्याच्या हातात देतात. हल्लीचे अडॅप्टर हलके असतात, कारण आतलं सर्किट वीज सेकंदाला हजारो वेळा तोडतं-जोडतं आणि त्या वेगाला चिमुकला ट्रान्सफॉर्मर पुरतो. पण अडॅप्टर तळहातावर झुलवून त्याची लायकी ठरवायची सवय आमच्या घरातून गेलेली नाही.

वजन झालं की दुसरी कसोटी पिनेची. बाबांचा सिद्धान्त सरळ आहे: बसतो म्हणजे चालतो. हा एकट्या बाबांचाच आहे असं समजू नका. सबंध सोसायटी त्यावर चालते.

आता पिनेची गंमत अशी, की बहुतेक अडॅप्टरांची गोल पिन बाहेरून साडेपाच मिलिमीटरची असते. आतलं भोक कधी २.१, कधी २.५. हा फरक चष्मा लावूनही दिसत नाही. २.१ ची पिन २.५ च्या खुंटीवर चढत नाही, पण २.५ ची पिन २.१ वर चढते आणि ढिली राहते. ढिली म्हणजेसुद्धा बसलीच. आणि अशा त्या एकसारख्या दिसणाऱ्या पिनांमागे ५ व्होल्ट असतील, ९ असतील, १२, १९ किंवा २४ असतील. अमुक व्होल्टला अमुकच पिन, असं कोणी धड ठरवून दिलं असतं तर बाबांचा सिद्धान्त खराही ठरला असता. आमच्या समोरच्या घरात राउटरचा अडॅप्टर सापडेना म्हणून त्यांनी जुन्या लॅपटॉपचा लावला. राउटर १२ व्होल्टचा, लॅपटॉपचा अडॅप्टर १९ चा. पिन बसली. दिवे लागले. त्यांनी आम्हाला मुद्दाम हाक मारून ते दाखवले. आम्ही अजून दारातच होतो, तेवढ्यात वास आला.

आमच्या यंत्राला बाबांनी डीव्हीडी प्लेअरचा अडॅप्टर लावला. १२ व्होल्टचा. पिन चपखल. आणि सातही रंग झळकले!

‘झालं चालू,’ बाबा म्हणाले.

‘आबा, धुकं कुठंय?’ मुलीनं आजोबांना विचारलं.

‘येईल. तापायला जरा वेळ लागतो.’

गार धुक्याच्या यंत्राला! दिव्यांना काय, चार-पाच व्होल्टही पुरतात. ती चकती मात्र अर्धपोटी थरथरायला तयार नसते. पण दिवा लागला म्हणजे वस्तू चालू, हे आमच्या पिढ्यांत इतकं मुरलंय, की ते यंत्र संध्याकाळपर्यंत तसंच झगमगत राहिलं आणि येणाऱ्याजाणाऱ्याला ‘दुरुस्त केलं’ असं सांगण्यात आलं.

खरं सांगायचं तर घरात अडॅप्टरइतकी प्रामाणिक वस्तू दुसरी नसेल. तो काय घेतो, काय देतो, किती देतो, कुठं धन आणि कुठं ऋण, सगळं त्याच्या अंगावर छापलेलं असतं. छापायची जागा फक्त करंगळीच्या नखाएवढी असते आणि काही महाभाग काळ्या प्लॅस्टिकवर काळीच अक्षरं उठवतात. मी मोबाइलचा टॉर्च तिरका मारून फोटो काढत होते आणि नवरा तो मोठा करून वाचत होता.

‘अगं, बापरे! हा २४० देतो. आपल्याला २४ पाहिजेत. दहापट!’

‘देत नाही, घेतो. इनपुट आहे ते. शंभर ते दोनशे चाळीस. खालची ओळ वाच.’

खालची ओळ कोणी वाचत नाही. इनपुटची ओळ ठळक, तिथंच माणूस दमतो. खरी गोष्ट आउटपुटच्या ओळीत असते, आणि तीसुद्धा एका चिन्हावर टांगलेली. आकड्यापुढे एक आडवी रेघ आणि तिच्याखाली तीन तुटक रेघा असल्या तर ती डीसी. लाट काढलेली असली तर एसी. हे मी सांगितल्यावर नवऱ्यानं उत्साहानं खण उपसला आणि खरोखरच २४ व्होल्टचा एक काढला. एका परदेशी दिव्यांच्या माळेचा. पिन बसत होती, वजन होतं, व्होल्ट जुळत होते. टाळ्या पडणार तेवढ्यात मुलीनं आकड्यापुढची लाट दाखवली. माळेला एसी चालतो. आमच्या यंत्राला तो लावला असता, तर बाबांना पुन्हा एकदा तापायची वाट बघावी लागली असती, आणि या वेळी ते खरंच तापलं असतं.

डीसी अडॅप्टरच्या लेबलावर एक वर्तुळही असतं. मधे ठिपका, बाजूला अर्धगोल, एकाला अधिक आणि एकाला उणे जोडलेलं. पिनेच्या आतल्या बाजूला काय आहे ते त्यावरून कळतं. बहुतेक वेळा आत अधिक. पण गिटारवाल्यांच्या पायाखालच्या ज्या इफेक्टच्या पेट्या असतात, त्यांना रीतच उलटी: ९ व्होल्ट आणि आत उणे. मुलीचा तिसरीतला कीबोर्डही त्याच गोत्रातला निघाला. चौकटीत चौकट असेल तर आत दुहेरी इन्सुलेशन आहे, अर्थिंगची तिसरी पिन नको. वर्तुळात रोमन सहा असेल तर वीज वाया न घालवण्यात हा वरच्या इयत्तेतला. (नवऱ्याला ते मोबाइल कंपनीचं चिन्ह वाटलं. त्याला दोष देता येत नाही.)

खण संपला. मग मेलेल्या अडॅप्टरलाच उठवायचं ठरलं आणि तळमजल्यावरच्या काकांना बोलावलं. काका वीज खात्यातून निवृत्त झालेत. ते पिवळा मल्टिमीटर आणि चष्म्याच्या दोन जोड्या घेऊनच येतात.

काकांनी आधी स्क्रू शोधला. स्क्रू नव्हता. अशा अडॅप्टरच्या कवचाचे दोन भाग कारखान्यात अल्ट्रासोनिक थरथराटानंच वितळवून जोडतात. म्हणजे आमच्या यंत्राच्या चकतीच्याच घराण्यातला, फक्त बराच संथ थरथराट. जोडावर बोथट सुरी धरून काकांनी हातोडीचे हलके ठोके घातले. टक, टक, टक, कड. ‘हात लावू नका कोणी,’ ते म्हणाले. वायर भिंतीतून काढलेली असूनही. आत एक मोठा कपॅसिटर होता, त्यावर ४०० व्होल्ट लिहिलेलं. भिंतीतले २३० तिथं डीसी होऊन साधारण ३२५ होतात, आणि अडॅप्टर काढल्यावरही ते कधीकधी तिथं दबा धरून बसलेले असतात. काकांनी त्याच्या दोन पायांना जुन्या बल्बच्या वायरी टेकवल्या, मग बोट नेलं. सासूबाईंनी हे सगळं दारात उभं राहून बघितलं आणि पातेल्याबद्दल एक वाक्य टाकलं.

दोष सापडला. आउटपुटच्या बाजूचा छोटा कपॅसिटर, डोकं फुगलेला. मान? मान ठणठणीत होती. वायर कुठंच तुटलेली नव्हती. काकांनी चष्मा बदलत समजावलं, की असा म्हातारा कपॅसिटर थंड असताना काम करत नाही. अडॅप्टर लावून ठेवला की आत जरा ऊब धरतो आणि मग चालायला लागतो. म्हणजे सकाळची ती काही मिनिटं. कोन, डावीकडे वाकवणं, वर्तमानपत्राची घडी, याचा आणि यंत्र सुरू होण्याचा काडीचा संबंध नव्हता. नवरा म्हणाला, ‘पण कोन केल्यावरच चालायचं.’ त्याचं मत अजून तेच आहे.

दहा-वीस रुपयांचा कपॅसिटर बदलून अडॅप्टर उठला. मीटरवर २४ आले. पण कवच फुटलेलं. काकांनी ते काळ्या इन्सुलेशन टेपनं गच्च गुंडाळलं, त्यावर अजून एक फेरा मारला आणि तो गोळा टेबलावर ठेवला. सासूबाई म्हणाल्या, ‘हे माझ्या नातीच्या उशाशी राहणार नाही.’ त्यांच्या या मताला पहिल्यांदाच तिन्ही पक्षांचा पाठिंबा मिळाला.

मग मी तपकीर गल्लीत गेले. पुण्यात विजेचं काहीही हवं असलं की पासोड्या विठोबाच्या जवळपास गाडी लावायला जागा शोधायची, ती मिळत नाही हे मान्य करायचं आणि दूर कुठंतरी लावून बुधवार पेठेत चालत यायचं. (मुंबईकरांना यासाठी लॅमिंग्टन रोड आहे. त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग होऊन जमाना झाला, पण अडॅप्टर मिळतो तो लॅमिंग्टन रोडलाच.)

‘२४ व्होल्ट, डीसी, अर्धा अँपिअर, आत अधिक, साडेपाच बाय २.१,’ मी एका दमात म्हटलं. बँकेच्या प्रमोशनच्या मुलाखतीला माझी एवढी तयारी नव्हती.

‘कशाचा?’ दुकानदारानं विचारलं.

‘म्हणजे?’

‘डिशचा, राउटरचा, कॅमेऱ्याचा की आरओचा?’

तेव्हा लक्षात आलं की या गल्लीत व्होल्ट नसतातच. ज्या वस्तू घराघरांत आहेत तीच इथली मापं. बारा म्हणजे राउटरचा, जास्त अँपिअरचा बारा म्हणजे कॅमेऱ्याचा. मी म्हटलं, पाण्याचं धुकं करणारं यंत्र आहे. त्यानं मान न वळवता मागच्या फळीवर हात नेला. ‘चोवीस म्हणजे आरओचा.’

पाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रांतले पंप २४ व्होल्टचे असतात, म्हणून २४ चा अडॅप्टर आपल्या बाजारात त्यांच्या नावानंच फिरतो. ज्या आरओनं पक्ष क्रमांक दोनचं यंत्र बंद पाडलं होतं, त्याचंच भावंड पक्ष क्रमांक तीनच्या मदतीला आलं.

‘पण हा अडीच अँपिअरचा आहे. आमचा अर्ध्याचा. जास्त होऊन जळणार नाही ना?’

त्यानं पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. ‘ताई, पन्नास पानांचा स्वयंपाक केला आणि दहाच पानं बसली, तर काही बिघडतं का? दहाचा केला आणि पन्नास आली, की आचारी पळून जातो. अँपिअर म्हणजे स्वयंपाक. जास्त असू दे. जेवणारा जेवढं पाहिजे तेवढंच घेतो. व्होल्ट मात्र इकडचा तिकडं नाही चालणार.’

बारावीला फिजिक्सच्या क्लासला माझ्या वडिलांनी जे पैसे भरले होते ते मला आठवले.

‘साधा देऊ की चांगला?’ तो म्हणाला. साधा दीडशेचा, चांगला त्याच्या दुप्पट. चांगल्यावर भारतीय मानक ब्युरोचं चिन्ह आणि ‘आर’नं सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक होता. तो क्रमांक बीआयएस केअर नावाच्या ॲपवर टाकून खरा-खोटा बघता येतो. मी टाकला. माझ्यामागे उभे असलेले दोघेतिघे गप्प झाले. दुकानदार शांतपणे म्हणाला, ‘बघा, बघा. तोवर यांना देतो.’ क्रमांक खरा निघाला. साध्यावर चिन्ह नव्हतं, क्रमांक नव्हता, नाव एका नामांकित कंपनीच्या नावात एक अक्षर बदलून केलेलं होतं. वजनाला मात्र तो जड होता. बाबा बरोबर असते तर आम्ही तोच घेऊन आलो असतो.

आरओच्या अडॅप्टरला आमची गोल पिन नव्हती, चपटा पांढरा कनेक्टर होता. त्यानं तो कटरनं उडवला. दातांनी, होय दातांनीच, दोन वायरींचं साल सोललं. एका वायरीवर पांढरी रेघ होती. ‘रेघवाली प्लसच असते, पण विश्वास ठेवायचा नाही,’ असं स्वतःशी म्हणत त्यानं मीटर टेकवला. आकडा उणे चिन्हाशिवाय आला. मग एका डब्यातून पिन लावलेला वायरीचा तुकडा घेतला, आधी वायरींवर बारीक काळ्या नळ्या ओवल्या (आपण ओवायला विसरतो आणि झाळल्यावर आठवतं, तो विसरला नाही), तारांना पीळ दिला, सोल्डर टेकवलं, एक पांढरा धूर वर गेला, नळ्या जोडावर सरकवल्या आणि खालून लायटर फिरवला. नळ्या आकसून वायरीला घट्ट बसल्या. पुन्हा मीटर, आता पिनेच्या आत एक टोक आणि बाहेर एक. चोवीस पॉइंट एक. जोडणीचे वेगळे तीस रुपये.

‘गॅरंटी?’

‘दुकान इथंच आहे,’ तो म्हणाला.

आमच्याकडे धुकं परत आलं त्याच आठवड्यात न्यू जर्सीहून धाकटा दीर आला आणि येताना आईसाठी वाफेचं यंत्र घेऊन आला. तिकडं मुलांना सर्दी झाली की रात्रभर खोलीत लावतात ते, खरी गरम वाफ देणारं. सासूबाई विरघळल्या. यंत्र १२० व्होल्टचं, पिना चपट्या. दिरानं विमानतळावर घेतलेला एक परदेशी प्लगही दिला, ज्याच्या एका बाजूला अमेरिकन पिना जातात आणि दुसऱ्या बाजूनं आपल्या गोल पिना निघतात. तो प्लग पिनांचा आकार बदलतो, बाकी काही बदलत नाही. २३० आत गेले तर २३०च बाहेर येतात. दीर झोपला होता, नणंदेचे यजमान जेवायला आले होते, आणि पिन बसत होती.

व्होल्ट जवळजवळ दुप्पट झाले की अशा यंत्रातली ताकद दुप्पट होत नाही, पावणेचारपटीच्या आसपास जाते. इतक्या वेगानं पाणी उकळणारं यंत्र आमच्या घरात याआधी आलेलं नव्हतं. ‘बघा, अमेरिकन माल,’ असं नणंदेचे यजमान म्हणाले, आणि त्या वाक्याच्या शेवटी दिवे गेले. नंतर चौकशी केली तेव्हा कळलं की त्यासाठी व्होल्ट कमी करणारा ट्रान्सफॉर्मर मिळतो. यंत्राच्या वॅटपेक्षा बराच मोठा घ्यायचा, त्याचं वजन काही किलो आणि किंमत यंत्राहून जास्त. बाबांना वजन ऐकून तो फार आवडला.

आता म्हणे हे सगळं संपणार. युरोपात २८ डिसेंबर २०२४ पासून नव्या मोबाइलना एकच टाइप-सी पिन सक्तीची झाली आहे, आणि आपल्याकडेही जे येतं ते हळूहळू त्याच पिनेचं येतं. चार्जर आणि वस्तू आधी आपसात बोलून घेतात, किती व्होल्ट हवेत ते ठरवतात, मगच वीज सुटते. काही बोलणं झालं नाही तर निमूट पाच. म्हणजे बाबांचा सिद्धान्त अखेर कायद्यानं खरा व्हायची वेळ आली. त्याच सुमारास मुलीनं टाइप-सीवर चालणारं एक छोटं धुकं-यंत्र आणलं. लॅपटॉपचा भारी चार्जर, दोन्हीकडे सी असलेली भारी वायर, पिन बसली. यंत्र ढिम्म. मग कुठल्यातरी जुन्या मोबाइलचा पडेल चार्जर लावला, एका बाजूला जुनी चौकोनी पिन असलेली स्वस्त वायर घेतली, आणि ते सुरू झालं. स्वस्त यंत्रं बनवणारे आत दोन पैशांचा रेझिस्टर घालायचा वाचवतात. तो नसला की शहाण्या चार्जरला पलीकडे कोणी आहे हेच कळत नाही. बिनडोक चार्जर विचारतच नाही, देऊन टाकतो.

‘बसली, तरी चालत नाही?’ बाबांनी विचारलं. त्यांनी ती वायर काढून पुन्हा घातली. मग उलटी करून घातली. टाइप-सी उलटीसुद्धा बसते, याचं त्यांना जास्तच वाईट वाटलं.

शेवटी खण आवरायला घेतला तो सासूबाईंनी. वाफेसाठी ज्यांना वीज लागत नाही त्यांनाच हे काम तटस्थपणे जमणार. त्यांनी औषधाच्या पेटीतली पांढरी चिकटपट्टी घेतली, मार्कर घेतला, प्रत्येक अडॅप्टर घरभर सगळ्या वस्तूंना लावून बघितला आणि त्याच्यावर काय ते लिहून टाकलं. ‘हॉलमधला.’ ‘कीबोर्ड – विकला.’ ‘चालतो, कशाला ते माहीत नाही.’ टेपच्या गोळ्यावर: ‘तळमजल्यावर द्यायचा.’ एलिमिनेटरवर: ‘यांचा.’ डीव्हीडीवाल्यावर: ‘नुसते दिवे.’ आणि माळेच्या त्या लाटवाल्यावर, व्होल्ट, पिन आणि वजन सगळं जुळत असलेल्या, दोन्ही बाजूंनी पट्टी लावून, ठळक अक्षरांत: ‘हा नाही.’